ब्युरेटचं रीडिंग: विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायचं म्हणजे काय



आजचा विषय तसा साधा वाटेल. बारावीनंतर एखाद्यानं बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली, तीन वर्षं किंवा नव्या रचनेत चार वर्षं अभ्यास केला आणि पदवी मिळवली. तर त्या मुलाला किंवा मुलीला शेवटी काय यायला हवं? आवर्तसारणी पाठ असायला हवी का? सेंद्रिय अभिक्रियांची नावं? हे सगळं हवंच आहे. पण हे पुस्तकात आहे, आता मोबाइलमध्येही आहे. त्यासाठी विद्यापीठानं इमारत बांधावी, गॅसची लाइन टाकावी, काचेची उपकरणं घ्यावीत, याची काय गरज?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पदार्थाला प्रश्न विचारता आला पाहिजे आणि पदार्थ जे उत्तर देईल ते, सोयीचं असो वा गैरसोयीचं, जसंच्या तसं लिहून घेता आलं पाहिजे. हे पुस्तक वाचून येत नाही, हातानं करून येतं. म्हणून अभ्यासक्रमात प्रॅक्टिकल असतं. ते थिअरीच्या शेपटाला बांधलेलं नाही. उलट थिअरी शिकायची ती हे काम नीट करता यावं म्हणून.

व्हिनेगरची बाटली

आपण एक उदाहरण घेऊ. स्वयंपाकघरात व्हिनेगरची बाटली असते. आपल्या देशातल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसेटिक ॲसिड असावं लागतं. म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ३.७५ ग्रॅम. आता प्रश्न असा, की या बाटलीत तेवढं आहे का? लेबलवर काय छापलंय ते सोडून द्या. बाटलीलाच विचारायचं.

पद्धत सगळ्या केमिस्ट्रीवाल्यांना माहीत आहे. १० मिलिलिटर व्हिनेगर पिपेटनं घेतलं, पाणी घालून बरोबर १०० मिलिलिटर केलं. त्यातलं १० मिलिलिटर कॉनिकल फ्लास्कमध्ये घेतलं. म्हणजे फ्लास्कमध्ये मूळचं व्हिनेगर आहे १ मिलिलिटर. दोन थेंब फेनॉल्फ्थॅलीन टाकलं. ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. थेंब थेंब सोडत राहायचं, फ्लास्क हलवत राहायचं. फिकट गुलाबी रंग आला आणि अर्धा मिनिट टिकला, की थांबायचं.

समजा ६.७ मिलिलिटर लागलं. ०.१ मोलर द्रावणाचा प्रत्येक मिलिलिटर ६ मिलिग्रॅम ॲसेटिक ॲसिडला पुरतो. ६.७ गुणिले ६, म्हणजे ४०.२ मिलिग्रॅम. १ मिलिलिटर व्हिनेगरमध्ये ४०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ४.०२ टक्के. बाटली पास.

आता रीडिंग ६.७ नसून ६.३ आलं असतं तर? ६.३ गुणिले ६, ३७.८. म्हणजे ३.७८ टक्के. तरीही पास. आणि ६.२ आलं असतं तर? ३७.२, म्हणजे ३.७२ टक्के. नापास! ब्युरेटवरच्या एका बारीक रेघेचा फरक. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे दोन थेंब. दोन थेंबांवर हा माल कायद्यात बसतो की बसत नाही हे ठरतंय.

इथं केमिस्ट्री शिकलेला माणूस आणि न शिकलेला माणूस यांच्यातला फरक दिसतो. न शिकलेला माणूस ६.२ बघून म्हणेल, नापास. शिकलेला माणूस म्हणेल, थांबा. माझं ब्युरेट ०.१ पर्यंत वाचतं आणि निर्णय ०.१ वरच अडकलाय. या प्रयोगाला इतका बारीक निर्णय देण्याची ताकद नाही. मग तो काय करेल? व्हिनेगर कमी पातळ करेल. १०० ऐवजी ५० मिलिलिटरच करेल आणि त्यातलं २५ मिलिलिटर घेईल. आता फ्लास्कमध्ये मूळचं व्हिनेगर ५ मिलिलिटर आहे, रीडिंग ३१ च्या आसपास येईल. तिथं ०.१ चा फरक पडला तर टक्केवारीत फरक पडतो तो फक्त ०.०१२ चा. प्रश्न तोच, बाटली तीच, पण आता उत्तरावर विसंबता येतं.

यात थिअरी कुठे आली? जागोजागी आली. फेनॉल्फ्थॅलीनच का, मिथिल ऑरेंज का नाही? कारण ॲसेटिक ॲसिड सौम्य आम्ल आहे. ते पुरतं उदासीन होतं तेव्हा द्रावणाचा पीएच ७ च्या वर, साडेआठच्या आसपास असतो. फेनॉल्फ्थॅलीनचा रंग तिथं बदलतो. मिथिल ऑरेंजचा रंग ३.१ ते ४.४ मध्येच बदलून जातो, म्हणजे काम अर्ध्यावर असतानाच ते ‘झालं झालं’ म्हणून सांगतं. दुसरं, सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण आधी ऑक्झॅलिक ॲसिडसमोर तपासून का घ्यायचं? वजन करून बनवलं तर पुरे नाही का? नाही. कारण सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. तराजूवर ४ ग्रॅम दिसतं, पण ते सगळं सोडियम हायड्रॉक्साइड नसतं. आणि फ्लास्क थोडा वेळ तसाच ठेवला तर गुलाबी रंग उडतो, तो का? तेही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळेच. ज्या मुलीला हा रंग उडताना बघून ‘असं का झालं?’ असा प्रश्न पडला, तिची केमिस्ट्री सुरू झाली असं समजा.

हे शिकवायला सुरुवात कुठे झाली

आज आपल्याला वाटतं की विद्यापीठात प्रयोगशाळा असणारच. पण दोनशे वर्षांपूर्वी असं नव्हतं. प्राध्यापक व्याख्यान द्यायचे, फार तर समोर एखादा प्रयोग करून दाखवायचे आणि विद्यार्थी बघायचे. स्वतःच्या हातानं काम शिकायचं असेल तर एखाद्या औषधविक्याकडे उमेदवारी करा, नाहीतर एखाद्या मोठ्या शास्त्रज्ञाची मर्जी संपादन करा.

हे बदललं जर्मनीतल्या गीसेन नावाच्या छोट्या गावात. युस्टुस लीबिख हा १८०३ मध्ये जन्मलेला मुलगा. वडिलांचा रंग आणि रसायनं विकण्याचा धंदा होता. तो पॅरिसला गेला, तिथं गे-ल्युसाक यांच्या खाजगी प्रयोगशाळेत त्याला काम करायला मिळालं. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी शिफारस केली आणि १८२४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाला. प्रयोगशाळेला जागा मिळाली ती एका रिकाम्या बराकीतल्या पहारेकऱ्यांच्या खोल्यांची. विद्यापीठातल्या मंडळींना हे प्रकरण फारसं पसंत नव्हतं. औषधविके आणि साबणवाले तयार करणं हे काय विद्यापीठाचं काम आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

लीबिखनं केलं काय? मुलांना बाकावर बसवण्याऐवजी टेबलापाशी उभं केलं. आणि १८३१ मध्ये एक काचेचं उपकरण बनवलं, ‘कालीअपारात’. पाच फुगे असलेली एक त्रिकोणी नळी. फुग्यांत पोटॅशचं द्रावण. एखादा सेंद्रिय पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर जाळायचा. त्यातून निघणारी पाण्याची वाफ कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत अडकते, कार्बन डायऑक्साइड या फुग्यांत विरघळतो. फुग्यांचं आधी वजन करायचं, नंतर वजन करायचं. फरक म्हणजे कार्बन डायऑक्साइड. १ ग्रॅम साखर पूर्ण जाळली तर साधारण १.५४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. त्याचे ४४ पैकी १२ भाग कार्बन, म्हणजे ०.४२ ग्रॅम. साखरेत ४२ टक्के कार्बन आहे हे तुम्ही तराजूवर शोधून काढलंत.

या उपकरणाचं महत्त्व काय? त्याआधी असं विश्लेषण मोजक्या निष्णात लोकांनाच जमायचं. आता ते विद्यार्थ्यालाही जमायला लागलं. ज्ञान मोठ्या माणसाच्या हातातून शिकणाऱ्याच्या हातात आलं. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात आजही ते फुगे आहेत.

गीसेनमध्ये शिकलेल्यांपैकी एक ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन. ते १८४५ मध्ये लंडनच्या नव्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत शिकवायला गेले. त्यांच्या हाताखाली होता विल्यम पर्किन. १८५६ च्या सुट्टीत, अठरा वर्षांचा असताना, घरच्या प्रयोगशाळेत तो क्विनीन बनवायला बघत होता. क्विनीन काही झालं नाही, काळपट चिकट गाळ झाला. फेकून द्यायच्या लायकीचा. पर्किननं तो फेकला नाही. त्यातून जांभळा रंग निघतो हे त्यानं बघितलं, रेशमावर लावून बघितला. तो ‘मॉव्ह’, आणि कृत्रिम रंगांचा मोठा उद्योग तिथून उभा राहिला. हवं होतं ते उत्तर आलं नाही, आलं ते मात्र त्यानं नीट पाहिलं. मी म्हणतो ती सवय हीच.

टेबलापाशी उभं राहायला कोणाला मिळतं

मग प्रयोगशाळा हीच शिकण्याची जागा ठरली, तर पुढचा प्रश्न येतो: त्या जागेवर उभं राहायला कोणाला मिळतं? याचं आपल्या घरचं उदाहरण आहे. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. दुर्गाबाई भागवतांची बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळूरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. कमलाबाईंनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली, केमिस्ट्री मुख्य विषय घेऊन, पहिल्या क्रमांकानं. आणि वडिलांच्या वाटेनं बंगळूरूला अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच: अर्जदार बाई आहे.

कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण एक वर्ष परीक्षेवर, अटी घालून. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरानंतर रामन यांचं समाधान झालं आणि संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठी उघडलं. पुढे कमलाबाई केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हा घटक असतो हे त्यांच्या कामातून पुढे आलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. परत येऊन मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी शिकवलं, नीरा आणि कडधान्यं यांसारख्या गरिबाच्या आहारातल्या गोष्टींवर संशोधन केलं. उतारवयात त्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत काम करत होत्या, अन्नातल्या भेसळीविरुद्ध. म्हणजे आपल्या व्हिनेगरच्या बाटलीपाशीच येऊन पोचल्या म्हणा ना.

त्यांना लढावं लागलं ते पदवीच्या कागदासाठी नाही. पदवी त्यांच्याकडे होतीच. लढावं लागलं टेबलापाशी उभं राहायच्या हक्कासाठी.

आज जागा मिळते, पण

आज आपल्या तालुक्याच्या गावीसुद्धा सायन्स कॉलेज आहे. वर्गात मुली भरपूर आहेत. क्रेडिटच्या हिशेबात प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे सत्राला ३० तास. दोन क्रेडिट म्हणजे ६० तास टेबलापाशी. गीसेनमधल्या त्या बराकीत मुलं ज्यासाठी येत होती, ते आपल्याला वेळापत्रकात लिहून मिळतं.

आणि त्या ६० तासांत होतं काय? सगळ्यांना माहीत आहे, फक्त मोठ्यानं कोणी बोलत नाही. एक रीडिंग घ्यायचं, उरलेली दोन बसल्या जागी लिहायची. ६.७, ६.७, ६.७, आणि खाली ‘सी.बी.आर.’ म्हणून चौकट. सीनियरचं जर्नल आणायचं, उत्तर बघायचं, उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग काढायचं. सॉल्ट ॲनालिसिसमध्ये आधी सॉल्टचं नाव मिळवायचं आणि मग त्याला साजेशी निरीक्षणं लिहायची. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खं जर्नल पूर्ण. जर्नल सर्टिफाइड. मार्क २० पैकी १८.

मी मुलांना दोष देत नाही. आपण मार्क कशाला देतो ते बघा. ‘खऱ्या’ उत्तराच्या जवळ आलं की मार्क. मग मूल काय शिकणार? उत्तर आधी माहीत करून घ्यावं, निरीक्षण नंतर बनवावं. आपण त्याला केमिस्ट्रीच्या बरोबर उलटं शिकवतोय, आणि तेही केमिस्ट्रीच्याच प्रयोगशाळेत.

यात नुकसान कोणाचं? दूध डेअरीवर चला. गावाकडे सकाळी विचारतात, ‘आज फॅट किती लागली?’ शेतकऱ्याला दुधाचा भाव मिळतो तो फॅट आणि एसएनएफ बघून. गर्बर पद्धतीत १० मिलिलिटर सल्फ्युरिक ॲसिड, १०.७५ मिलिलिटर दूध, १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल, यंत्रात फिरवायचं आणि ब्युटायरोमीटरवर वाचायचं. आता बऱ्याच ठिकाणी मशिन आलंय, पण मशिन बरोबर दाखवतंय का हे कोणीतरी तपासावंच लागतं. तिथं ६ ची ५.८ झाली तर एका म्हशीच्या मागे रोज थोडे पैसे जातात आणि ते शेतकऱ्याला कधी कळतही नाही. साखर कारखान्यावर चला. उसाची एफआरपी साखर उताऱ्याशी बांधलेली आहे, १०.२५ टक्के हा मूळ उतारा धरून. तो उतारा ठरतो कारखान्याच्या लॅबमध्ये. औषध कंपनीत चला. गोळीत औषध किती मिलिग्रॅम आहे हे क्वालिटी कंट्रोलमधला केमिस्ट सांगतो आणि त्यावर बॅच बाहेर जाते. या सगळ्या खुर्च्यांवर आपलीच बी.एस्सी. झालेली मुलं बसतात. तिथं बसून जर त्यांनी कॉलेजात शिकलेलंच केलं, एक रीडिंग घेऊन दोन बनवली, तर?

करता काय येईल

काही गोष्टींना पैसाही लागत नाही. शिक्षकांसाठी पहिली गोष्ट: प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळ्या तीव्रतेचं द्रावण द्या. वीस बाटल्या, वीस उत्तरं. शेजाऱ्याचं बघून उपयोगच नाही. लीबिखच्या प्रयोगशाळेतही मुलं ज्याच्या त्याच्या पदार्थावर काम करत. दुसरी गोष्ट: मार्क उत्तराला कमी द्या, नोंदीला जास्त द्या. रीडिंग ६.७, ६.४, ६.७ आलं आणि विद्यार्थ्यानं लिहिलं की दुसऱ्या वेळी ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा होता, तर त्याला पूर्ण मार्क. व्हायवाला ‘व्याख्या सांग’ विचारू नका, ‘हे रीडिंग वेगळं का आलं’ ते विचारा.

विद्यार्थ्यांसाठी: निरीक्षण पेनानं लिहा, तिथल्या तिथं लिहा. चुकलं तर एक रेघ मारा, खालचा आकडा दिसू द्या, खोडरबर घरी ठेवा. ब्युरेट वाचताना डोळा द्रावणाच्या पातळीला आणा, वरून बघाल तर प्रत्येक वेळी चुकेल. ॲसिड पाण्यात ओता, पाणी ॲसिडमध्ये नाही. तोंडानं पिपेट ओढू नका. आणि जी मुलं मराठी माध्यमातून आलीत त्यांना खास सांगतो: निरीक्षण मराठीत लिहायला लाजू नका. ‘पांढरा साका बसला, हलवल्यावर विरघळला’ हे उत्तम निरीक्षण आहे. त्याचं इंग्रजी घरी जाऊन करता येतं. पण इंग्रजी वाक्य आठवलं नाही म्हणून पुस्तकातलं वाक्य उतरवलं, तर डोळ्यांनी जे दिसलं ते कायमचं गेलं.

श्रोत्यांमधून दोन प्रश्न आलेत, ते घेतो.

पहिला एका पालकांचा: ‘मुलाला मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून केमिस्ट्रीला टाकलं. पुढे काही होईल का?’ होईल, पण तुम्ही ‘टाकलं’ म्हणू नका. तो जर उरलेला कोर्स म्हणून तीन वर्षं काढणार असेल तर पदवीचा कागद मिळेल, काम मिळणं कठीण जाईल. त्याच्या हाताला खात्रीचं रीडिंग घेता येत असेल, तर डेअरी, औषध, पाणी, रंग, खत, साखर, कुठेही त्याची गरज आहे. मुलाखतीत अनुभवी माणूस पाच मिनिटांत ओळखतो, हा ब्युरेटला हात लावलेला आहे की नुसतं जर्नल लिहिलेला.

दुसरा एका विद्यार्थिनीचा, आणि हा अवघड आहे: ‘मी खरं रीडिंग लिहिलं तर मार्क कमी मिळतात, बाकीचे बनवून लिहितात त्यांना जास्त. मी काय करू?’

बेटा, मार्क कमी मिळतील, ते मी नाकारत नाही. हे तुझ्यावर अन्यायाचंच आहे आणि ते बदलणं हे समोर बसलेल्या आम्हा शिक्षकांचं काम आहे, तुझं नाही. तू एवढंच कर. खरं रीडिंग लिही आणि त्याच्या शेजारी, ते असं का आलं असावं, याची एक ओळ लिही. ती ओळ घेऊन शिक्षकांकडे जा आणि चर्चा कर. बहुतेक शिक्षकांना अशा विद्यार्थ्याची वाटच बघायची सवय मोडलेली असते, त्यांना आनंद होईल. एखाद्यानं तरीही मार्क कापले, तर दोन मार्क जाऊ देत. उद्या एखाद्या लॅबमध्ये तुझ्या सहीवर दुधाचा भाव ठरेल किंवा औषधाची बॅच बाहेर जाईल. त्या दिवशी लागणारी सवय तुला याच ६० तासांत लावून घ्यायची आहे. नंतर ती शिकवायला कोणाला वेळ नसतो.